रिकामा कंस

मॅडमना कोणी काहीही सांगितलं, की त्या एकच शब्द विचारायच्या. "कशावरून?"

"मॅडम, आज प्रफुल्ल यायचा नाही." "कशावरून?" "मॅडम, बाहेर फार थंडी आहे." "कशावरून?" हा प्रश्न त्या भांडण काढायला विचारत नाहीत, हे कळायला मला बराच काळ लागला. त्यांना उत्तर खरंच हवं असायचं. प्रफुल्लच्या आईचा फोन आला होता म्हणून मी सांगितलं, की खाली त्याची गाडी दिसली नाही म्हणून मी आपलं ठोकून दिलं, यात त्यांच्या लेखी फार मोठा फरक होता. फोन आला असेल, तर मान डोलावून त्या कामाला लागत. नसेल, तर म्हणत, "मंग 'गाडी दिसली नाई' एवढंच सांग ना. बाकीचं काऊन जोडून राह्यली?"

हिंगणघाटला मोटार-वाइंडिंगच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली तांब्याची तार गुंडाळल्याचा घरघराट आणि वार्निशचा वास, वर आम्ही चार-पाच जण. आजूबाजूच्या, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंग कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. मालकांना सगळे साहेब म्हणत. माणूस गोड बोलायचा आणि गिऱ्हाइकाला कधी दुखवायचा नाही. मॅडम आमच्यात वयाने आणि कामाने मोठ्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या, केस मानेवर कापलेले. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पळायचे पांढरे बूट. वडनेरहून रोज एसटीने यायच्या. खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यांत त्यांनी सांभार लावला होता, म्हणजे कोथिंबीर. जेवताना मधूनच उठायच्या, चार काड्या खुडायच्या आणि न विचारता प्रत्येकाच्या डब्यात टाकायच्या. नको म्हणायची सोय नव्हती.

आडून आम्ही त्यांना कंसमामी म्हणत असू. देवकीच्या भावाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं जन्माचं वैर होतं ते गणितातल्या कंसाशी, आणि तेही रिकाम्या कंसाशी.

मी नाचणगावची. शिक्षण संपवून या माडीवर मुलाखतीला आले, तेव्हा साहेबांनी नाव, गाव, मार्क वगैरे विचारलं. मॅडम खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून सांभाराला पाणी घालत होत्या. साहेबांचं संपल्यावर त्या वळल्या.

"एक फंक्शन आहे," त्या म्हणाल्या. "त्याले काहीच दिलं नाई. ना आकडा, ना अक्षर. कंस रिकामा. ते कधी चालन?"

फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा. त्याच्या नावापुढच्या कंसात काहीतरी द्यायचं, तो त्यावर काम करून उत्तर देतो. दोन आकडे द्या, बेरीज घ्या. कॉलेजात शिकलेलं उत्तर मी दिलं. "आपण बोलावू तेव्हा चालेल."

"इथं बोलावत नाई कोणी."

मी त्यांचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "मला सांगता येणार नाही."

"कशावरून?"

"तुम्ही जेवढं सांगितलंत, तेवढ्यावरून."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. "घ्या हिले," म्हणाल्या आणि पुन्हा सांभाराकडे वळल्या.

'इथं' म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली प्रोग्रामिंगची भाषा. आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, घरी बसून, एकटीने लिहिलेली. नाव 'पाट'. शेतातला पाण्याचा पाट असतो, तो. नेहमीच्या भाषांत मशीनला एकामागून एक हुकूम सोडावे लागतात, आधी हे कर, मग ते कर. पाटमध्ये हुकूम नव्हतेच. कोण कशावर अवलंबून आहे, एवढंच लिहायचं. आलेल्या कापसाचं वजन बदललं की गाठींचा अंदाज बदलतो, गाठींचा बदलला की ट्रकांचा बदलतो. वर काही हललं की खालचं आपोआप हलणार. वर सगळं जागच्या जागी असेल, तर खालचंही जागचं हलणार नाही. आमचं सगळं काम या भाषेवर चालायचं आणि फार छान चालायचं.

आता ज्या फंक्शनच्या कंसात काहीच नाही, त्याच्या वर काहीच नाही. मग ते कशाने हलणार? कागदावर प्रश्न एवढासा आहे. पण त्यावरून आमच्या माडीवर जितकी वादावादी झाली, तितकी दिवाळीच्या सुट्ट्यांवरूनही झाली नाही.

प्रफुल्ल माझ्या आधीपासून तिथे होता. हुशार पोरगा, हाताला वेग. त्याचं म्हणणं, असं फंक्शन दर मिनिटाला गुपचूप चालवून घ्यावं, नवीन काही असेल तर कळेल. सगळीकडे तसंच करतात. साहेबांचं म्हणणं, कसंही चालवा पण चालवा. मॅडम म्हणायच्या, "ज्याच्या वर काई नाई, ते एकदा बोलते, अन् तेच त्याचं कायमचं. ते रोज नवीन बोलून राह्यलं असन, तं त्याच्या वर नक्की काहीतरी आहे. तुमी ते लपवून राह्यले. लपवू नका, कंसात लिहा."

म्हणून पाटमध्ये रिकामा कंस चालतच नसे. एखादी गोष्ट खरोखर एकदाच ठरायची असेल, तर तिच्याआधी 'एकदाच' असा शब्द लिहावा लागे. तो न लिहिता कोणी रिकामा कंस ठेवला, तर प्रोग्राम अडून बसायचा आणि पडद्यावर लाल अक्षरांत एकच शब्द उमटायचा. कशावरून?

प्रफुल्ल त्या लाल शब्दाला वैतागलेला असायचा. "मॅडम, मले फक्त किती वाजले ते पाह्यचं आहे. साधी वेळ. त्याच्यासाठी कायले एवढी वरात?"

"वेळ काय तुह्या फंक्शनच्या पोटातून निघते?"

"नाई."

"मंग कुठून येते?"

"घड्याळातून."

"तं घड्याळ लिही कंसात. लाज वाटते का घड्याळाची?"

प्रफुल्ल हसायचा, कपाळावर हात मारायचा आणि घड्याळ लिहायचा.

आमच्याकडे येण्याआधी मॅडम जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या. ती नोकरी कशी सुटली, हे त्यांनी मला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सांगितलं, जसं कोणी भाजीचा भाव सांगावा. संस्थेच्या एका बड्या माणसाचा भाचा त्यांच्या वर्गात होता. वर्षभर त्याने वर्गाचं तोंड पाहिलं नाही, एक वही जमा केली नाही. वर्ष संपताना प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे मार्क भरून टाका. मॅडमनी विचारलं, "कशावरून भरू?" प्राचार्य म्हणाले, "भरा हो, मॅडम, अंदाजाने." मॅडम म्हणाल्या, "अंदाज लावायलेही काहीतरी लागते, सर. त्यानं एक चूक जरी केली असती, तं मी त्याच्यावरून अंदाज लावला असता." मार्क दुसऱ्या कोणीतरी भरले. मॅडमना पुढच्या वर्षी वेळापत्रकात तासच उरले नाहीत. त्यांनी राजीनामा दिला. तो मात्र सविस्तर दिला आणि त्याची प्रत स्टाफरूमच्या फळ्यावर खडूने उतरवून काढली. शिपाई फळा पुसायला आला, तर त्याला म्हणाल्या, "वाचून घे, मंग पूस."

"पश्चात्ताप नाही झाला कधी?" मी विचारलं.

"झाला ना. अक्षर खराब आलं होतं फळ्यावर."

त्यांच्या बोलण्यावरूनही लोक त्यांना टोकत. नागपूरच्या एका कार्यक्रमात साहेबांनी त्यांना पाटबद्दल बोलायला उभं केलं होतं. समोर सुटाबुटातली मंडळी. मॅडम नेहमीसारख्याच, 'करून राह्यलो', 'मले', 'तुमाले' करत बोलू लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "मॅडम, जरा प्रमाण भाषेत सांगाल का?"

"तुमाले समजलं नाई का?"

"नाही नाही, समजलं सगळं."

"मंग बसा," मॅडम म्हणाल्या आणि जिथे थांबल्या होत्या त्याच शब्दापासून पुढे सुरू झाल्या. मी मागे उभी होते. घरी ज्या बोलीत आई मला हाक मारते ती शहरात गेल्यावर तोंडातल्या तोंडात गिळायची सवय मला होती. त्या दिवसानंतर ती सवय बरीच कमी झाली.

आता जिनिंगची गोष्ट.

हिंगणघाटच्या बाहेर, हायवेला लागून एक मोठं जिनिंग आहे. हंगामात तिथल्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, दुमजली घराएवढ्या. कापूस ओला आला असेल, तर गंजी आतून तापते. बाहेरून पांढरीशुभ्र दिसते आणि पोटात धुमसत असते. त्यांना गंजीवर नजर ठेवणारी काही व्यवस्था हवी होती. आम्ही गंजीत लांब सळया खुपसल्या, सळईच्या टोकाला तापमान मोजणारं यंत्र, तिथून वायर खांबावरच्या एका डब्यात, डब्यातून आकडा मॅनेजरच्या केबिनमधल्या पडद्यावर. प्रोग्राम अर्थातच पाटमध्ये. मॅडमनी तो असा लिहिला होता, की सळईकडून येणारी खबर कंसात. खबर आली की आकडा बदलणार. खबर यायची थांबली, की आकडा पुसला जाऊन तिथे लिहून येणार, 'खबर नाही'.

आणि तिथेच घोळ झाला. कारण खबर सारखी थांबायची. लाइन जायची, वायर ढिली व्हायची, कापूस वाहणाऱ्या बायांच्या टोपल्या वायरीत अडकायच्या. दिवसातून कितीदा तरी पडद्यावर 'खबर नाही'. जिनिंगचा मॅनेजर आमच्या साहेबांकडे तक्रार घेऊन आला. "हे काय सारखं खबर नाई, खबर नाई? शेजारच्या जिनिंगात दुसऱ्या कंपनीचं लावलं, ते दिवसभर हिरवं दिसते."

साहेबांनी मॅडमना सांगितलं, काहीतरी करा. मॅडम म्हणाल्या, "वायर नीट करा." साहेब म्हणाले, "वायर त्यांची आहे, पडदा आपला आहे." मॅडम म्हणाल्या, "पडदा खरं बोलून राह्यला."

मग मॅडम दोन दिवस एका लग्नासाठी रजेवर असताना साहेबांनी प्रफुल्लला बसवलं. प्रफुल्लने पाटच्या पोटात हात घालून रिकामा कंस चालू करून घेतला. आता प्रोग्राम दर मिनिटाला आपण होऊन डब्याला विचारायचा आणि डबा त्याच्याकडे असलेला शेवटचा आकडा द्यायचा. सळई बोलत असो की नसो, डबा आकडा देणारच. पडदा हिरवागार. मॅनेजर खूश, साहेब खूश. मॅडम परत आल्या, त्यांनी ते पाहिलं, आणि माडीवर आवाज चढले. खालच्या दुकानातले लोक काम थांबवून जिन्यात आले.

"याले तुमी पाट म्हणू नका," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गिऱ्हाइकाले जे पाह्यजे ते द्यावं लागते," साहेब म्हणाले.

"त्याले हिरवा रंग पाह्यजे असन, तं डबाभर रंग नेऊन द्या."

साहेबांनी बदल काढला नाही. मॅडमनी काम थांबवलं नाही. त्या रोज यायच्या, बसायच्या, बाकीच्या कारखान्यांचं काम करायच्या. साहेबांशी बोलायच्या नाहीत. असा हंगाम अर्धा सरला.

एका दुपारी त्याच जिनिंगात वजनकाट्याचं काम निघालं. मॅडम आणि मी गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये पाणी प्यायला बसलो. समोर भिंतीवर पडदा, त्यावर मोठ्या गंजीपुढे हिरव्या अक्षरांत एकतीस अंश. मॅडम पाण्याचा पेला हातात धरून पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सकाळपासून एकतीसच आहे का हे?"

"हो ना," मॅनेजर म्हणाला. "एकदम बढिया. हलतच नाई."

"सकाळी गारठा होता, आता ऊन चटके देऊन राह्यलं. अन् हे एकतीस. कशावरून?"

"तुमच्याच मशीनवरून, मॅडम."

मॅडमनी पेला खाली ठेवला. आम्ही आवारात गेलो. सगळ्यात मोठ्या गंजीची वायर त्या पायाने चाचपत निघाल्या. ट्रॅक्टर-ट्रॉली जिथून वळते, तिथे वायर चिखलात दबून तुटलेली होती. चिखल वाळून त्यावर नव्या चाकांचे माग उठलेले. कधीची तुटली होती, कोण जाणे.

मॅडम केबिनमध्ये परत आल्या. "गंजी उघडा."

मॅनेजर हसला. "मॅडम, आज गाठी जायच्या आहेत. सगळ्या बाया तिकडं लावल्या. वायर उद्या जोडून घेतो."

"वायर उद्या जोडा. गंजी आता उघडा."

त्याने साहेबांना फोन लावला आणि मॅडमच्या हातात दिला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, तुम्ही परत या. गिऱ्हाइकाच्या जागेवर तमाशा नको." मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या, फोन मॅनेजरला दिला आणि सरळ गंजीकडे निघाल्या. साडीचा काष्टा मारल्यासारखा पदर खोचला, बांबूची शिडी लावलेलीच होती, तिच्यावरून वर चढल्या आणि दोन्ही हातांनी कापूस उपसून खाली फेकायला लागल्या.

मला काय करावं कळेना. मीही चढले. कापूस उपसणं दिसतं तितकं सोपं नाही. दाबून बसलेला असतो, हातात येतो आणि येतही नाही. पलीकडे काम करणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. कोणीतरी हसलं. त्यांच्या टोळीची प्रमुख कमलाबाई, गोंड बाई, डोक्यावर टोपली तशीच ठेवून गंजीखाली आली.

"काय हरवलं, बाई?"

"काई नाई हरवलं. आत गरम आहे का पाहून राह्यली."

"ते तं आतला टीव्ही सांगते ना?"

"टीव्हीले माहीत नाई. वायर तुटली. तो जुनंच सांगून राह्यला."

कमलाबाईने तुटलेल्या वायरीकडे पाहिलं. मग गंजीकडे. दुपारपर्यंत तिच्या बाया याच गंजीवर चढून कापूस पसरत होत्या, पायांत साध्या चपला, कोणाच्या पायांत त्याही नाहीत. तिने टोपली खाली ठेवली आणि मागे वळून आपल्या बोलीत मोठ्याने काहीतरी म्हटलं. ते मला कळलं नाही, पण बायांना कळलं. एकेक करून सगळ्या आल्या. मॅनेजर ओरडत होता, "तिकडं कोण करन काम? ओ कमलाबाई!" कमलाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गंजी मधोमध फोडली. जसजसं खोल जाऊ, तसतसा दमट, उबट वास येऊ लागला. मॅडमनी कोपरापर्यंत हात आत घातला. मीही घातला. आत ऊब होती, पांघरुणात असते तशी. चटका नव्हता. धूर नव्हता. आग नव्हती.

खाली मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या मागे ट्रकवाले, काट्यावरचा माणूस, सगळे गोळा झालेले. "कुठाय आग, मॅडम?" तो मोठ्याने म्हणाला. "दाखवा ना आमाले! कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमच्या केसांत, भुवयांवर, चष्म्यावर कापूस. त्या गंजीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"आग नाई," त्या म्हणाल्या. "पण आग नाई, हे आत्ता कळलं. सकाळी तुमाले कुठं माहीत होतं? सकाळपासून या बायाइले कशावर चढवून राह्यले होते, माहीत होतं तुमाले?"

मॅनेजर काहीतरी पुटपुटत केबिनकडे गेला. कमलाबाईने मॅडमच्या पाठीवरचा कापूस झटकला आणि म्हणाली, "उतरा आता, बाई. शिडी हलते, मी धरते."

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते आम्हाला काट्यावरच्या माणसाने सांगितलं. बाया वेळेवर आल्या, गंजीखाली सावलीत बसल्या आणि वायर जोडून दाखवल्याशिवाय वर चढणार नाही म्हणाल्या. मॅनेजरने दमदाटी केली, दुसरी टोळी आणतो म्हणाला. कमलाबाई म्हणाली, आणा, त्याइलेबी सांगू. वायर दुपारच्या आत जोडली गेली, जमिनीवरून उचलून खांबावरून नेली. तो हंगाम संपेपर्यंत बाया रोज आधी वायर पाहायच्या, मग चढायच्या.

साहेबांना मात्र हे पचणारं नव्हतं. गिऱ्हाईक दुखावलं होतं. त्यांनी मॅडमना सांगितलं, की जिनिंगात जाऊन मॅनेजरची माफी मागा, विषय संपवू. मॅडम म्हणाल्या, "वायर तुटल्याची मागू, का हात घालून पाह्यल्याची?" महिन्याअखेर त्यांनी काम सोडायचं ठरलं. साहेबांनी ठरवलं, की मॅडमनी ठरवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोघांनी एकाच वेळी ठरवलं असावं.

निरोपाचा कार्यक्रम झाला, कारण साहेब माणूस वाईट नव्हता. माडीवर खुर्च्या मांडल्या, समोसे आले, शाल-नारळ आला. साहेब बोलायला उभे राहिले. चार चांगल्या गोष्टी बोलले, मनापासून बोलले. मग वातावरण हलकं करायला म्हणाले, "आयुष्यभर मॅडमनी रिकाम्या कंसाचं फंक्शन चालू दिलं नाही. पण खरं सांगू का, मॅडम स्वतःच रिकाम्या कंसाचं फंक्शन आहेत! कोणाचंच काही आत घेत नाहीत, आपल्याच मनानं चालतात!"

सगळे हसले. प्रफुल्लही हसला. मीही हसले, वाक्य जमलं होतं. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उठल्या आणि प्रोग्राममधली चूक दाखवायच्या, तसं बोट वर केलं.

"चूक आहे, साहेब. मी सगळ्यायचं ऐकते. तुमचं ऐकलं, मॅनेजरचं ऐकलं, या प्रफुल्लचं तं तासन्‌तास ऐकलं. ऐकून नाई म्हणते."

मग शाल घेतली, समोसा खाल्ला, खिडकीतले डबे दोन पिशव्यांत भरले आणि वडनेरच्या एसटीला गेल्या. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर पिशव्यांवरून कुरकुरला, तर त्याचंही त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि पिशव्या आत चढवल्या.

मी आता नागपूरला असते. मॅडमनी वडनेरला घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि पाट सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली करून टाकली. भाषा त्यांचीच होती, त्यांना कोणाला विचारायचं नव्हतं. कोणीही वापरा, कोणीही सुधारणा सुचवा. कुठून कुठून लोक लिहितात. बहुतेकांची मागणी एकच असते, की तेवढा रिकामा कंस चालू करा. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतल्या माणसाने पानभर इंग्रजीत लिहिलं, की एवढी एक अट सैल केलीत, तर आमची अख्खी कंपनी पाट घेईल. मॅडमनी मराठीत उत्तर दिलं. "तुमचं सगळं वाचलं. शेवटचे दोन मुद्दे बरोबर आहेत, ते करून देते. कंस रिकामा राहणार नाही." त्याने विचारलं, इंग्रजीत का लिहीत नाही? मॅडमनी लिहिलं, "तुम्हाला समजलं म्हणूनच विचारता ना?"

मागच्या हिवाळ्यात मी सहज इंटरनेटवरचं पाटचं पान उघडलं, तर वर प्रफुल्लचं नाव. त्याने एक बदल पाठवला होता. बाहेरून येणारी कुठलीही खबर, सळई असो, घड्याळ असो, एका छोट्या शब्दात कंसात आणता येईल, अशी सोय. रिकामा कंस लिहिण्यापेक्षा ते लिहिणं सोपं होतं. म्हणजे फसवायचा मोहच कोणाला होऊ नये. आणि सोबत लिहिलं होतं, की आपल्या सगळ्या जिनिंगांतून जुना गुपचूप प्रकार काढून टाकलाय, साहेबांना सांगूनच.

मॅडमनी तो बदल परत पाठवला होता, चुका दाखवून. त्याने दुरुस्त केला. पुन्हा परत. त्याने पुन्हा केला, थोडा चिडून, शब्दांवरून कळत होतं. पुन्हा परत. शेवटी एका सकाळी मॅडमनी तो घेतला. खाली काहीही न लिहिता.

मी लगेच फोन लावला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, प्रफुल्लचं घेतलंत! राग गेला म्हणायचा तुमचा."

"कायचा राग? बरोबर होतं म्हणून घेतलं. प्रफुल्लचं होतं म्हणून नाई. अन् चुकीचं असतं, तं तुहंही घेतलं नसतं."

"माझं? मी कुठे काय पाठवलं, मॅडम?"

"तेच तं म्हणून राह्यली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.